‘घर बंद’चा रकाना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. रक्तदाबावरच्या तीन वर्षांच्या अभ्यासातली तुमची दीड वर्षं संपली आहेत. अनुदान देणाऱ्या संस्थेची अट होती म्हणून तुम्ही वस्त्यांमधल्या बारा जणांचं सल्लागार मंडळ नेमलं. पाच बैठका झाल्या. लोक वेळेवर येतात, ऐकून घेतात, सही करतात आणि जातात. आजवर एकाही मुद्द्यावर हरकत आलेली नाही. आता मधल्या अहवालात ‘समन्यायी भागीदारी’ या मथळ्याखाली काय केलं ते लिहायचं आहे, आणि हे मंडळ ‘आणखी सक्रिय’ कसं करावं असं तुम्ही विचारता आहात.

‘एकही हरकत आली नाही’ हे तुमचं वाक्य मला अडलं. तुम्ही ते जमेच्या बाजूला धरलं आहे. मी वीसहून जास्त वर्षं या कामात आहे आणि माझ्या हिशेबात ते खर्चाच्या बाजूला जातं. पाच बैठकांत बारा माणसांना काहीच खटकलं नाही, असं घरच्या कार्यातसुद्धा होत नाही. तिथे लोक मम म्हणायला बसलेत, एवढाच त्याचा अर्थ. कुणी मला आपली भागीदारी दाखवायला आलं की मी बैठकांचे फोटो बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, त्यांच्या म्हणण्यामुळे तुमच्या प्रोटोकॉलमधली, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातली, कुठली ओळ बदलली? ती ओळ दाखवा. आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि त्या बदलाने तुमची काय गैरसोय झाली तेही सांगा. संशोधकाला ज्याची झळ पोचत नाही त्या बदलाला मी फारसं मोजत नाही.

आता ‘नाही’ शोधायचं कुठे? बैठकीत ते सापडत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका अभ्यासात घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं होतं. वस्तीच्या सभेत आम्ही सगळं समजावून सांगितलं, सगळ्यांनी होकार दिला, आम्ही खूश. काम सुरू झालं आणि नोंदवहीतल्या ‘घर बंद’च्या रकान्यात खुणा वाढायला लागल्या. माणसं कामावर जात असतील म्हणून आम्ही संध्याकाळी जायला लागलो. तरी तेच. मग सुटीच्या दिवशी गेलो. शेवटी आमच्याकडे काम करणारी तिथलीच एक मुलगी म्हणाली, “ताई, माणसं घरातच असतात. तुमची गाडी दिसली की मागच्या दाराने जातात.” गाडी दवाखान्याची होती. त्याच गाडीतून गोळ्या यायच्या. रक्त द्यायला नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील, आणि हो म्हटलं तर रक्ताचं काय करतील कोण जाणे, अशा कात्रीत सापडलेल्या माणसांनी स्वतःपुरता तिसरा मार्ग काढला होता. संमतिपत्रात ‘नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही’ हे वाक्य होतं, ठळक अक्षरात. पण गाडी त्याच्या उलट सांगत होती आणि लोकांनी गाडीवर विश्वास ठेवला.

तेव्हापासून मी हे लक्षात ठेवलंय की लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, ते घरी नसतात. वय चुकीचं सांगतात, पुढच्या वेळी नक्की म्हणतात, लहान मुलाला दारात पाठवतात. आपण त्या सगळ्याला ‘नॉन-रिस्पॉन्स’, म्हणजे प्रतिसाद नाही, म्हणतो आणि सांख्यिकीवाल्याकडे पाठवतो. तो बिचारा वजनं लावून आकडे सावरतो. ती सगळी उत्तरंच होती हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तुमच्या मंडळाच्या गप्प बसण्याचं एक कारण त्याच्या जन्मतारखेत आहे. प्रोटोकॉल लिहून झाला, नीतिमत्ता समितीने मंजूर केला, पैसे आले, आणि मग मंडळ नेमलं. हे वरातीमागून घोडं. काय मोजायचं, कुणाचं मोजायचं, पैसा कुणाच्या खात्यात, नमुने कुठे जाणार, हे सगळं ठरलेलं होतं. त्यांच्यासमोर उरलं काय, तर माहितीपत्रकातलं चित्र आणि बैठकीची वेळ. त्यावर कोण कशाला भांडेल? आंतरराष्ट्रीय नियम याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. सीआयओएमएस या वैद्यकीय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांतलं सातवं कलम सांगतं की समाजाला शक्य तितक्या लवकर, अभ्यासाची आखणी होत असतानाच सामील करून घ्या. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४च्या आवृत्तीत अभ्यासाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही लोकांशी अर्थपूर्ण संवाद असावा असं म्हटलं आहे. त्याच आवृत्तीत माणसांसाठी वापरला जाणारा ‘सब्जेक्ट’ (ज्याच्यावर अभ्यास होतो तो) हा शब्द काढून ‘पार्टिसिपंट’ (भाग घेणारा) केला. १९६४ साली पहिला जाहीरनामा आला, म्हणजे एवढ्या शब्दाला साठ वर्षं लागली.

पण लवकर बोलावलं की काम झालं, असंही नाही. प्रश्न कुणाचा, हे आधी पाहावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा सुरुवातीच्या अभ्यासात त्यांना आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळला. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध. पण लोकांनी तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलं मरत होती. पुढे त्याच भागात गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांतले त्याचे निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. दोन्ही अभ्यास त्याच माणसांचे, त्याच जिल्ह्यातले. लोकांच्या घरातल्या दुःखाला थेट भिडणारा प्रश्न आणि शास्त्राला रस असलेला प्रश्न यांत केवढं अंतर असतं, ते या दोन्हींवरून दिसतं. रक्तदाबाचा विषय तुमच्या लोकांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, हे तुम्ही कधी विचारलंत का? विचारलं नसेल तर उशिरा का होईना, विचारा. आणि तो नववा निघाला तर पुढे काय करायचं याची तयारी ठेवून विचारा.

ऐकून न घेतलेलं ‘नाही’ कुठे जातं, याचं एक उदाहरण देते, कारण अनुदान देणाऱ्यांना हेच उदाहरण कळतं. कंबोडियात एचआयव्ही टाळण्यासाठी टेनोफोविर नावाची गोळी रोज देऊन पाहण्याचा अभ्यास ठरला होता. भाग घेणार होत्या ९६० देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया. त्यांची स्वतःची संघटना होती. तिने विचारलं, औषधाचे परिणाम पुढे अनेक वर्षांनी दिसले तर आमच्या उपचारांचा खर्च कोण करणार? त्यांनी दीर्घ मुदतीच्या आरोग्यविम्याची मागणी केली. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, वाद वाढला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी अभ्यास सुरू होण्याआधीच थांबवला. २००५ साली कॅमेरूनमध्येही असाच अभ्यास थांबला. यात मला हळहळ वाटते ती या गोष्टीची, की औषधाची कल्पना बरोबर होती. पुढे दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांनी टेनोफोविर असलेल्या गोळीने संसर्ग टळतो हे दाखवलं आणि २०१२ साली अमेरिकेत अशा वापराला मान्यता मिळाली. त्या बायकांचा प्रश्नही तितकाच बरोबर होता. एक साधा, व्यवहाराचा प्रश्न वेळेत टेबलावर घेतला नाही म्हणून दोघांचंही नुकसान झालं. या धड्यातून २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यूएनएड्स आणि एचआयव्ही-प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था अवॅक यांनी ‘गुड पार्टिसिपेटरी प्रॅक्टिस’ची, म्हणजे लोकांना नीट सहभागी कसं करून घ्यावं याची, मार्गदर्शिका काढली. ती एचआयव्हीच्या चाचण्यांसाठी लिहिली असली तरी तुमच्या अभ्यासालाही बरीचशी लागू पडेल. वाचून काढा.

यातून तुमच्यासाठी थेट एक काम निघतं. तुम्ही घरोघरी रक्तदाब मोजता आहात. ज्याचा फार वाढलेला सापडेल त्याचं पुढे काय? ‘जवळच्या केंद्रात जाण्याचा सल्ला दिला’ असं उत्तर असेल तर त्या केंद्रात गोळ्या असतात का, तिथे जायला दिवसाची मजुरी बुडते का, आणि तीन वर्षांनी तुम्ही निघून गेल्यावर त्याच्या गोळ्या कोण पुरवणार, हे लेखी ठरलंय का? नसेल तर तुमच्या मंडळातला पहिला खरा वाद यावरच व्हायला हवा.

आता मंडळात कोण बसतं ते पाहू. ‘समाज’ नावाची एक अखंड वस्तू कुठेच नसते. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळ रहिवासी लोकांनी २०१७ साली स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. त्यामागे अनेक वर्षांचा अनुभव होता. २०१० साली काही सान पुरुषांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, प्रसिद्ध झाले तेव्हा त्या व्यक्तींची संमती घेतली होती, पण समाजाच्या परिषदेला कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे नेते आंद्रीस स्टीनकँप यांचं म्हणणं साधं होतं: खिडकीतून येऊ नका, दारातून या. हे मला पूर्ण पटतं. पण दाराशी कोण उभं आहे, तेही पाहावं लागतं. प्रमुखाने परवानगी दिली म्हणजे त्याच्या सुनेने दिली असं होत नाही. समाजाची परवानगी ही दाराची किल्ली आहे. आतल्या प्रत्येकाला वेगळं विचारावंच लागतं, आणि प्रमुखाच्या नकळत नाही म्हणायची सोय प्रत्येकाला असावी लागते. उलट, प्रमुख नाही म्हणाला आणि बायका हो म्हणत असतील तर काय, याचं सरधोपट उत्तर माझ्याकडे नाही. अशा वेळी मी थांबते आणि बायकांनाच विचारते की आम्ही पुढे गेलो तर त्याची किंमत तुम्हाला घरात मोजावी लागेल का. त्यांचं उत्तर मी शेवटचं मानते.

तुमच्या बारा जणांमध्ये रक्तदाबाचे रुग्ण किती? तुम्ही यादी दिली आहे, त्यात शिक्षक, दुकानदार, माजी पदाधिकारी असे सगळे चांगलं बोलणारे लोक आहेत. रुग्ण एकही दिसत नाही. १९८३ साली डेन्व्हरमध्ये एड्स झालेल्या लोकांनी आपली तत्त्वं मांडली. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, असं तर ते म्हणालेच. शिवाय निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर, सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवरसुद्धा, आम्हाला जागा हवी असं त्यांनी मागितलं. त्यांनी सल्लागार मंडळ मागितलं नाही, हे लक्षात घ्या. सल्ला ऐकायचा की नाही ते ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

पैशाबद्दल बोलायला सगळेच कचरतात, म्हणून मी जरा जास्त बोलते. तुमच्या अंदाजपत्रकात ‘समाज सहभाग’ ही ओळ कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती चहापाणी आणि प्रवासखर्चाच्या शेजारी असते. तुमच्या टीममधला प्रत्येक जण बैठकीच्या वेळेचा पगार घेतो आणि ते बारा जण आपला रोज बुडवून फुकट येतात. ही बरोबरी कुठल्या हिशेबाने? मानधन दिलं तर लोक पैशासाठी हो म्हणतील अशी भीती नीतिमत्ता समित्या दाखवतात. रक्त देण्याच्या मोबदल्याबाबत ती भीती रास्त आहे. पण मंडळावरचा माणूस काम करतो आहे, आणि कामाचे पैसे घेतल्याने कुणाची जीभ बांधली जात असेल तर आधी आपली बांधली गेली असती. मी आता हे पैसे थेट त्यांच्या गटाच्या खात्यात, वर्षाच्या सुरुवातीलाच, एकरकमी जमा होतील असं लिहून घेते. दर बैठकीला पाकीट दिलं तर पाकीट देणाऱ्याविरुद्ध बोलणं जड जातं. त्याच रकमेतून त्यांनी हवं तर स्वतःचा जाणकार नेमावा, आमची कागदपत्रं त्याच्याकडून तपासून घ्यावीत. एकदा एका गटाने खरंच तसं केलं. त्या माणसाने आमच्या संमतिपत्रातल्या सात चुका काढल्या. मला राग आला होता, तो दोन दिवस टिकला.

नमुने आणि डेटा यांबाबत तुमच्या संमतिपत्रातलं एक वाक्य मला धोक्याचं वाटतं: ‘रक्ताचा उपयोग आरोग्यविषयक संशोधनासाठी केला जाईल.’ अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९०पासून काही वर्षं रक्ताचे नमुने दिले. त्यांच्यात मधुमेह फार होता आणि त्याचं कारण कळावं ही त्यांचीच इच्छा होती. पण कागदावरची भाषा अशीच ऐसपैस होती. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांवरही काम झालं. हे त्यांना कळलं २००३ साली, त्यांच्यातलीच एक स्त्री विद्यापीठातल्या एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली म्हणून. खटला चालला, २०१० साली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. स्थलांतराचा अभ्यास वैद्यकीय दृष्ट्या निरुपद्रवी वाटेल. पण आपण त्या दरीतच जन्मलो ही त्यांची श्रद्धा आणि त्या भूमीशी असलेलं नातं त्याने दुखावलं गेलं. आपल्याला जे निरुपद्रवी वाटतं ते दुसऱ्यालाही तसंच वाटेल, हे ठरवणारे आपण कोण? आयजीच्या जीवावर बायजी उदार, असला हा प्रकार.

म्हणून वाक्य अरुंद करा. कोणत्या तपासण्या, किती वर्षं, कुठल्या फ्रीजमध्ये, चावी कुणाकडे, नवीन प्रश्नासाठी कुणाची परवानगी, आणि मुदत संपल्यावर नष्ट की परत, एवढं सगळं लिहा. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समाजांनी १९९८ सालीच मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा या चार शब्दांत हे मांडलं आणि २०१९च्या ‘केअर’ नावाच्या तत्त्वांनी ते जगभरच्या आदिवासी समाजांच्या डेटासाठी पुढे नेलं. तुमचे लोक आदिवासी नसले तरी हे प्रश्न त्यांचेही आहेत.

निकालांचंही तसंच. अलास्कातल्या बॅरो गावात १९७९ साली दारूच्या व्यसनाचा अभ्यास झाला. निकाल वर्तमानपत्रांच्या हाती पडले आणि इनुपियात या मूळ रहिवाशांचं अख्खं गाव दारुडं आहे अशा अर्थाचे मथळे देशभर झळकले. गावाच्या कर्जरोख्यांच्या पतमानांकनालाही फटका बसला. प्रत्येकाचं नाव गुप्त राहिलं होतं. बदनामी झाली ती सगळ्यांची मिळून. आपली नीतिमत्तेची सारी यंत्रणा एकेका माणसाला जपते, गावाला जपणारं कलम त्यात क्वचितच असतं. मी करारात असं घालते: निकाल आधी त्यांच्यासमोर, मग साठ दिवस, त्यात त्यांची टिप्पणी, गावाचं नाव छापायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, आमचं पटलं नाही तर त्यांचं वेगळं मत लेखातच छापायचं. निकाल दाबून टाकण्याचा अधिकार मात्र मी कुणालाच देत नाही. समाजालाही नाही आणि अनुदान देणाऱ्यालाही नाही. औषधाने अपाय होतोय असं दिसलं तर साठ दिवस थांबायचाही प्रश्न येत नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की लोकांना पटतं. शेवटच्या दिवशी सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

सगळंच वाटाघाटीला काढता येत नाही हेही खरं. तुमच्या अभ्यासात अर्ध्या वस्त्यांना नवी सेवा आणि अर्ध्यांना नाही, अशी चिठ्ठी टाकून विभागणी आहे. लोकांना ते अन्यायाचं वाटणारच, आणि ‘शास्त्रासाठी गरजेचं आहे’ हे उत्तर उद्धट आहे. चिठ्ठी का, हे नीट सांगा: ही सेवा उपयोगी आहे की नाही ते आम्हालाही अजून माहीत नाही, आणि आवडीच्या वस्त्या निवडल्या तर ते कधीच कळणार नाही. तरी नाही पटलं तर टप्प्याटप्प्याने सर्व वस्त्यांना सेवा मिळेल अशी रचना करता येते. फक्त कुणाचा नंबर आधी हे चिठ्ठीने ठरतं. त्यात विश्लेषण किचकट होतं आणि काळानुसार आपोआप होणारे बदल वेगळे काढावे लागतात. तुमच्या सांख्यिकीवाल्याला ते आवडणार नाही. मला विचाराल तर तेवढा त्रास त्याने घ्यावा. पण अभ्यास निम्मा झाल्यावर रचना बदलू नका. आता फक्त दुसऱ्या गटाला शेवटी सेवा मिळण्याची लेखी हमी द्या, आणि तिचे पैसे आजच बाजूला काढा.

तुमच्या क्षेत्रकार्यकर्त्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. प्रकल्प संपल्यावर तुम्ही दुसऱ्या शहरात असाल, त्या तिथेच राहतील. तुम्ही दिलेली आणि न पाळलेली प्रत्येक हमी लोक त्यांना विचारतील. शिवाय शेजारणीचा रक्तदाब, तिची औषधं, तिच्या घरातले ताण, हे सगळं त्यांना ठाऊक झालेलं असतं आणि त्याचं ओझं घेऊन त्यांना त्याच गल्लीत वावरायचं असतं. भागीदारीचा खरा सांधा त्या आहेत आणि सगळ्यात कमी पगारही त्यांनाच आहे. प्रबंध आणि लेखांत ‘क्षेत्रकार्यकर्त्यांचे आभार’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. ज्यांनी प्रश्नावलीच बदलायला लावली त्यांनी लेखनातही हात घातला, मसुदा तपासला, तर त्या लेखक होऊ शकतात. ती संधी द्यायची की नाही, हे तुमच्या हातात आहे.

आता सहावी बैठक. कार्यक्रमपत्रिका तुम्ही पाठवू नका. त्या बारा जणांनी आधी तुमच्याशिवाय भेटावं, आपला अध्यक्ष निवडावा, तीन-चार रुग्णांना आणि कार्यकर्त्यांपैकी दोघींना सोबत घ्यावं. जागा त्यांची, भाषा त्यांची, टिपणं त्यांनी काढायची. तुम्ही अजून न ठरलेल्या तीन गोष्टी खरोखर रिकाम्या ठेवून जा: वाढलेला रक्तदाब सापडलेल्यांचं पुढे काय, उरलेल्या रक्ताचं काय, आणि निकाल आधी कुणाला. सोबत नोंदवही न्या, नावं झाकून, वस्तीवार. ‘घर बंद’चा रकाना उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, इथे काय झालं असेल? मग गप्प बसा. पहिली दहा मिनिटं फार अवघड जातील.

आणि अहवालात लिहा: पाच बैठका झाल्या, एकही हरकत आली नाही, त्यामुळे आम्ही मंडळाची रचना बदलत आहोत. अनुदान देणाऱ्यांना हे वाचून धक्का बसेल अशी भीती तुम्हाला वाटत असणार. मी अशा समित्यांवर बसले आहे. शंभर अहवालांत असं वाक्य एखाद्यातच असतं, आणि पुढचा हप्ता मंजूर करताना तोच अहवाल आठवतो.